अंघोळीच्या पाण्यावरचा मळा

आमच्या घरात तीन पिढ्या तराजू होता, औत कधीच नव्हतं. माझं माहेर पाटोद्याचं. तिथं वडिलांचं किराणा दुकान होतं. सासर बीडचं, आणि इथंही दुकानच. शेती मला ठाऊक होती ती पोत्यातून. पोत्यात हात घालून तूर वाळलेली आहे की दमट, हे मी सांगू शकायचे. पण तुरीला फूल कधी येतं असं कुणी विचारलं असतं तर गप्प बसले असते. अशी मी एका शेतीच्या गटाची सचिव झाले, आणि त्या गटात मी जे वागले ते इतकी वर्षं मनातून गेलेलं नाही.

आमची कॉलनी पाली रस्त्याच्या अंगाला, गावाच्या टोकाशी. गृहनिर्माण सहकारी संस्थेची. मधोमध एक मोकळी जागा होती. नकाशावर ती बागेसाठी राखीव होती, प्रत्यक्षात तिथं वेडी बाभूळ आणि वाऱ्यानं उडून आलेल्या कॅरीबॅगा. संस्थेचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना सगळे साहेबच म्हणायचे. माणूस शिस्तीचा, कोरड्या स्वभावाचा, पण कामाला खरा.

दुष्काळाचं पहिलं वर्ष होतं. नळ पंधरा दिवसांनी यायचा, तोही तासभर. बिंदुसरेचं धरण आटून तळाची माती उघडी पडली होती. आणि तरीही आमच्या गल्लीत चिखल असायचा, कारण प्रत्येक घराच्या मोरीचं पाणी रस्त्यावर. डुकरं त्यात लोळायची. त्या घाणीचं काय करायचं, यासाठी साहेबांनी लिंबाखाली बैठक बोलावली.

बैठकीला खुर्च्या मांडायला एक बाई आली होती. कॉलनीलगतच्या अर्धवट इमारतीचा वॉचमन होता, त्याची बायको. शिरूर कासारकडची. दोघं नवरा-बायको पूर्वी दरवर्षी ऊसतोडीला जायची. मुलगी नववीत गेली तेव्हा तिच्या शाळेसाठी त्यांनी कारखाना सोडला आणि बीडला पत्र्याच्या खोलीत येऊन राहिली. कॉलनीत तिला सगळे शिरूरची म्हणायचे. मीही म्हणायचे. मी तिला अगं-तुगं करायचे, ती मला तुमी म्हणायची. वयानं ती माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठीच असावी.

खुर्च्या मांडून ती बाजूला उभी होती. साहेब पाइपलाइन, शोषखड्डे, नगरपालिकेला अर्ज असं बोलत होते. मध्येच ती म्हणाली, "ह्या पान्यावर मेथी येती की."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं.

"कारखान्यावर आमी कोपीच्या मागं करतो," ती म्हणाली. "अंघोळीच्या दगडापाशी. सहा महिने बाजाराची भाजी बघावी लागत न्हाई. फकस्त कपड्याच्या पावडरीचं पानी घालायचं न्हाई, मुळ्या जळत्यात."

ऊसतोडीच्या तळावर राहुट्यांच्या मागं कुणी भाजी करत असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. साहेबांना ते पटलं. त्यांनी जमिनीवर काठीनं आकृती काढली, तिनं पायानं ती पुसली आणि उतार दुसऱ्या बाजूनं आहे म्हणून दाखवलं. साहेब हसले. तेवढं हसताना मी त्यांना पुन्हा फारसं पाहिलं नाही.

त्यातून गट उभा राहिला. बायकांचाच. माझं अक्षर चांगलं आणि मी कॉलेजात दोन वर्षं काढलेली, म्हणून सचिव मी. प्रत्येक घराच्या मोरीची नळी एका खड्ड्यात सोडली. खड्ड्यात गोटे, वाळू, कोळसा, आणि वर कर्दळ आणि अळू लावलं. त्यातून गाळून आलेलं पाणी चरानं मधल्या मोकळ्या जागेतल्या वाफ्यांना. धरणातला गाळ लोक ट्रॅक्टरनं शेतात नेत होते, त्यातल्या काही ट्रॉल्या आम्ही आणल्या. रसवंतीवाल्याकडची वाळलेली चिपाडं वाफ्यावर अंथरली, म्हणजे ओल टिकते. हे सगळं शिरूरची सांगायची आणि आम्ही करायचो. खुरपं कसं धरायचं इथपासून. माझ्या तळहाताला फोड आले तेव्हा ती म्हणाली, "वैनी, खुरपं दाबू नका. त्याचं त्याला जाऊ द्या."

एका घराला एक वाफा. निघालेल्या भाजीतली अर्धी ज्याची त्याची, अर्धी एकत्र करून सगळ्यांना वाटायची. ज्यांच्या घरी म्हातारं किंवा आजारी माणूस आहे, वाफ्यात उतरायला कुणी नाही, त्यांनाही वाटा. हा नियम साहेबांचा. शिरूरचीला वाफा द्यायचा का, यावर मात्र थोडी चर्चा झाली. ती प्लॉटधारक नव्हती. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईंनी सुचवलं, "द्या, पण तात्पुरता असं लिहा." मी लिहिलं. तो शब्द लिहिताना मला काहीच वाटलं नाही.

पहिला हिवाळा फार चांगला गेला. मेथी, चुका, शेपू, वांगी, कुंपणावर दोडके. ज्या बायका वर्षानुवर्षं एकमेकींच्या दारात गेल्या नव्हत्या त्या सकाळी वाफ्यावर उकिडव्या बसून बोलू लागल्या. माझ्या सासूबाई मोजकं बोलणाऱ्या. त्या दुपारी तिथं जाऊन बसायच्या. घरी येऊन म्हणायच्या, "आंबाडी लई झालीय, भाकरी-भाजी करू." मी मोठ्या टोपलीत भाजी घेऊन दुकानात नेली आणि नवऱ्यापुढं ठेवली, तेव्हा तो बराच वेळ त्या भाजीकडं बघत राहिला. आपल्या घरात काही उगवलेलं आम्ही दोघांनीही पहिल्यांदाच पाहिलं होतं.

दुसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. दिवाळीपर्यंतच नळ बंद झाला आणि टँकर सुरू झाला. कॉलनीच्या सिमेंटच्या टाकीत टँकरचं पाणी ओतायचे, तिथून घागरी मोजून वाटप. टाकीच्या झाकणाला कुलूप. टाकी शिरूरचीच्या खोलीला लागून होती, म्हणून किल्ली साहेबांनी तिच्याकडं दिली.

पाणी असं आल्यावर अंघोळी कमी झाल्या, आणि अंघोळी कमी झाल्यावर मळा वाळू लागला. कुणीतरी टँकरचं पाणी वाफ्याला घालतंय अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा साहेब म्हणाले, नियम करा. मसुदा मीच केला. पिण्याचं, टँकरचं किंवा बोरचं पाणी वाफ्याला घालायचं नाही, घातल्याचं आढळल्यास वाफा काढून घेण्यात येईल. बोरचं हा शब्द मी स्वतःहून घातला होता. कॉलनीत बोर तीनच घरांत, त्यातली एक आमची. रोज पंधरा-वीस मिनिटं पाणी द्यायची. आमच्या घराकडं कुणी बोट दाखवू नये, म्हणून तो शब्द मीच लिहिला.

माझा वाफा फाटकाजवळ होता. मळा बघायला माणसं येऊ लागली होती. इतर कॉलन्यांतल्या बायका, गावोगावचे बचत गट, एकदा कुणी अधिकारी. आली की पहिला माझा वाफा दिसायचा, आणि माहिती द्यायला मीच पुढं. मी बोलायचे बरं. सांडपाण्यावर दुष्काळातही शहरात भाजी होते, असं मी सांगायचे आणि लोक माना हलवायचे. मला ते फार आवडायचं. दुकानाच्या गल्ल्यामागं आयुष्य गेलेल्या बाईला कुणी इतकं मन लावून ऐकत नाही.

फाल्गुनात पाटोद्याहून बायकांचा एक गट येणार होता. माझ्या माहेरच्या. त्यातल्या दोघी माझ्याबरोबर शाळेत होत्या. त्या येण्याच्या चार दिवस आधी माझी मेथी पिवळी पडली. कडेला पानं करपली. मी दुपारी अंगणात उभी होते, बोर सुरू होती, घागर भरत होती. कॉलनी झोपलेली. मी ती घागर उचलली आणि वाफ्यावर नेऊन ओतली. मग दुसरी. माती पाणी पीत होती त्याचा आवाज आला. मला वाटलं, चार दिवसांपुरतं.

पाटोद्याच्या बायका आल्या आणि गेल्या. मी घालतच राहिले. रोज दुपारी दोन घागरी. कधी धुण्याच्या बादलीतून न्यायचे, म्हणजे कुणी पाहिलं तर विसळलेलं पाणी वाटावं. त्या दिवसांत सासूबाई दोन दिवसांआड अंघोळ करायच्या, मधल्या दिवशी ओल्या फडक्यानं अंग पुसायच्या. एकदा त्यांनी मला बादली नेताना पाहिलं. "कुणासाठी घालतीस गं पाणी?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, भाजी आपल्यालाच होते की. त्यानंतर सासूबाई मळ्यात जायच्या थांबल्या.

वैशाखात एका सकाळी टाकीचं झाकण उघडलं तर पाणी हातभर खाली. टँकर आदल्याच दिवशी आलेला. पुढच्या टँकरला पुन्हा तेच. त्या आठवड्यात कॉलनीत एक बाळंतीण घरी आली होती आणि तिच्या घरच्यांना शेजारून पाणी मागावं लागलं. लोक चिडले. साहेबांनी लिंबाखाली सगळ्यांना बोलावलं. संध्याकाळची वेळ, ऊन उतरलेलं, तरी जमीन तापलेली होती. शिरूरचीनं नेहमीप्रमाणे खुर्च्या मांडल्या आणि बाजूला उभी राहिली.

साहेब म्हणाले, "टाकीतून पाणी जातंय. मळ्यात सगळे वाफे वाळलेत, दोनच हिरवे आहेत. मला कुणावर आळ घ्यायचा नाही. पण विचारावं लागतं."

दोन म्हणाले, पण बघितलं तिच्याकडंच.

"माझ्या वाफ्याला हाटेलावरचं पानी हाय, साहेब," ती म्हणाली. "नाक्यावरच्या. कपबश्या धुतल्यालं. दोन कॅन सकाळी, दोन सांच्याला. हे सायकलवर आनून देत्यात. राखेतून गाळून घालते मी."

कोपऱ्यावरच्या बाई म्हणाल्या, "हॉटेलवाला तुझ्याच गावचा ना? तो तर हो म्हणणारच."

"मंग हाटेलात बसनाऱ्याला इचारा. रोज बघत्यात लोक."

"टाकीची किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडं. साहेबांनीच दिली." तिचा आवाज चढला नव्हता. ती थोडी थांबली आणि मग माझ्याकडं वळली. "वैनीचा वाफा बी हिरवाच हाय. तेनला कावून न्हाई इचारत?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. माझ्या मांडीवर वही उघडी होती, हातात पेन. मी म्हणाले, "आमच्याकडं सहा माणसं आहेत. अंघोळीचं पाणी पुरतं तेवढ्याला."

ते इतकं सहज बाहेर आलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. कुणी पुढं काही विचारलं नाही. दुकानदाराची सून, गटाची सचिव, नियम लिहिणारी. शिरूरची माझ्याकडं बघत होती. मी वहीकडं बघितलं.

साहेब जरा घुटमळले. पुरावा नाही, असं ते एकदा म्हणाले. पण मग कुणीतरी आठवण करून दिली की वाफा तात्पुरता दिलेला आहे, तेव्हा काढून घ्यायला पुराव्याची गरज नाही. तसं ठरलं. किल्लीही परत घ्यायची. मी लिहिलं: सर्वानुमते.

तिनं कमरेची किल्ली सोडून साहेबांच्या खुर्चीच्या हातावर ठेवली. मग सगळे उठल्यावर तिनं खुर्च्या आवरल्या, नेहमीसारख्या एकात एक घालून. कुणीही मदत केली नाही. मीही नाही.

आठ दिवसांत ती तिघं खोली सोडून गेली. बिल्डरनं दुसरा वॉचमन ठेवला. तिची मुलगी नुकतीच दहावीची परीक्षा देऊन बसली होती, निकाल लागायचा होता. कॉलेज बीडलाच करायचं असं त्यांचं ठरलेलं. वाफ्यात वांगी धरली होती, ती तिनं तशीच सोडली. तो वाफा कोपऱ्यावरच्या बाईंच्या जावेला मिळाला.

मी बोरचं पाणी घालणं त्या संध्याकाळपासून थांबवलं. मेथी चार दिवसांत गेली. कुणी विचारलं तर मी म्हणायचे, ऊन फार आहे.

ती गेल्यावरही टाकीतलं पाणी खाली जात राहिलं. आता किल्ली साहेबांकडं होती, आणि साहेबांवर कोण आळ घेणार? पुढच्या महिन्यात गवंडी बोलावला. टाकीच्या मागच्या बाजूला, भिंतीच्या सांदीत, एरंडाचं झाड चांगलं पुरुषभर वाढलं होतं, आणि खाली हिरवंगार गवत. सगळा मुलूख करपलेला असताना ते गवत तिथं उभं होतं आणि आमच्यापैकी कुणी तिकडं गेलं नव्हतं. गवंड्यानं एरंड उपटला, तर टाकीच्या बुडाला बोट जाईल एवढी चीर.

साहेबांनी बैठक घेतली. चीर बुजवली, आता प्रश्न मिटला, असं सांगितलं. लोक हसले, कुणी म्हणालं, चोर एरंडच निघाला. शिरूरचीचं नाव कुणी काढलं नाही.

मी म्हणाले, "मग तिला परत बोलवायला पाहिजे."

"बोलवू की," साहेब म्हणाले. "पण वाफा तर दुसऱ्यांना दिलाय. आणि वॉचमनची जागाही भरली."

"तिचा माझ्याबद्दलचा प्रश्न बरोबर होता," मी म्हणाले. "माझा वाफा बोरच्या पाण्यावर होता. दोन महिने. मी त्या दिवशी खोटं बोलले."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणीतरी उठेल, काहीतरी म्हणेल. पण कोपऱ्यावरच्या बाई हसून म्हणाल्या, "अहो वैनी, बोर तुमची स्वतःची. त्यात काय एवढं?"

"नियमात बोरचं पाणी लिहिलेलं आहे. मीच लिहिलंय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नियमाचा उद्देश टाकीचं पाणी वाचवणं हा होता. त्या अर्थानं काही भंग झालेला नाही. हे इतिवृत्तात घ्यायची गरज नाही, वैनी."

आणि विषय पुढं गेला. मी कबूल केलं, पण मला त्याची काही झळ लागली नाही. माझा वाफा माझ्याकडंच राहिला. जो नियम तिच्यासाठी न तपासता लागू झाला, तो माझ्यासाठी सगळ्यांनी मिळून समजून घेतला. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "इथं सांगून काय उपयोग? जिचं गेलं तिला सांग."

तरी मला जायला दसरा उजाडला. दुकान, मुलांच्या शाळा, ही कारणं होतीच. पण खरं म्हणजे मला भीती वाटत होती. हॉटेलवाल्याकडून गावाचा पत्ता घेतला. शिरूर कासारपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपनं गेले. उतरले तेव्हा गावात सगळीकडं बांधाबांध चालली होती. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या होत्या. दारादारात पत्र्याच्या पेट्या, ताडपत्र्या, बाजरीची पोती, दोरीनं बांधलेल्या शेळ्या. माझ्यासारखी चप्पल-पर्सवाली बाई तिथं काय करते, म्हणून लोक बघत होते.

ती घरासमोर भांड्यांचं गाठोडं बांधत होती. मला बघून उठली, पदर सारखा केला, मुलीला पाणी आणायला सांगितलं. मुलगी तांब्या घेऊन आली. दहावी पास झाली होती, चांगल्या मार्कांनी. मी विचारलं, अकरावीचं काय?

"औंदा येती आमच्यासंगं," शिरूरची म्हणाली. "इथं कुनापाशी ठेवू? म्हातारी सासू बी गेली उन्हाळ्यात."

मी बोलायला सुरुवात केली. टाकीची चीर, एरंड, गवंडी. तिनं ऐकून घेतलं. मग मी माझं सांगितलं. बोर, दोन घागरी, दुपारची वेळ. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मी तिला पहिल्यांदाच तुम्ही म्हणत होते आणि ते मलाच अवघड वाटत होतं.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "चर साफ कराया मीच जायची की रोज सकाळी. तुमच्या मोरीच्या नळीला महिनाभर थेंब न्हवता."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"मी इचारलं की. म्हनलं, आता तुमीच बोलचाल." तिनं गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. "पानी घातलं त्याचं काय न्हाई, वैनी. वाळाया लागलेल्याला पानी घालूच वाटतं. पन मी इचारलं तवा तुमी वहीत बघितलं."

मी म्हणाले, परत चला. माझा वाफा घ्या. आमच्या मागच्या खोलीत राहा, मुलीचं कॉलेज होईल. मी खरंच बोलत होते. ती हसली, कडवट नाही, पण जवळचंही नाही.

"टोळी ठरलीय. मुकादमाला शबुद दिलाय. आन तुमच्या मागच्या खोलीत ऱ्हाऊन मी काय म्हनून ऱ्हाऊ?"

तिनं चहा केला. आम्ही प्यालो. जीप सुटायची वेळ झाली तेव्हा ती कोपऱ्यापर्यंत आली, कारण पाहुण्याला सोडायला येतात म्हणून. मुलगी दारातच उभी होती.

मी परत येऊन सचिवपद सोडलं आणि वाफाही सोडला. दोन्ही लगेच कुणीतरी घेतले. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. मळ्याला संस्थेनं भिंत घातली, फाटक बसवलं, मोरीच्या नळ्या पक्क्या केल्या. तो मळा आजही आहे आणि चांगला चालतो. तिथून जाताना लोक मला आपुलकीनं बोलावतात, भाजी देतात. मी घेते. नाही म्हणायला कारण सांगावं लागेल.

तीन-चार वर्षांनी दुकानात एक गिऱ्हाईक आलं. बोलता बोलता म्हणालं, धान्याच्या मोंढ्यामागं पडीक जागेत बायकांनी भाजी केलीय, मंगल कार्यालयाच्या भांड्यांच्या पाण्यावर. मी विचारलं, कोणाच्या बायका? तो म्हणाला, तिकडच्या पत्र्यांतल्या. ऊसतोड सोडून आलेल्या. एक शिरूरकडची आहे, ती सगळ्यांना शिकवते.

मी लगेच गेले नाही. आपण गेलो तर तिचं तिथलं काहीतरी बिघडेल असं मला वाटत राहिलं. लांबून एकदा बघितलं. आमच्या मळ्यासारखं सरळ नव्हतं ते. जागा मिळेल तसे वाकडे वाफे, कुंपणाला जुन्या साड्या, मध्ये एक हंडा पुरलेला. सात-आठ बायका काम करत होत्या. ती मला दिसली. खूप बारीक झाली होती.

मग उन्हाळ्यात कळलं की जागेच्या मालकानं गाळे बांधायला काढलेत. त्या बायकांकडं कागद नव्हता, ठराव नव्हता, अध्यक्ष नव्हता. त्या दिवशी मात्र मी दुकान नोकरावर टाकून गेले. जेसीबीनं अर्धी जागा सपाट केली होती. ड्रायव्हर बाजूला जेवायला बसला होता, आणि तेवढ्या वेळात बायका उरलेल्या अर्ध्यातली माती सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरत होत्या. तीन वर्षं खरकटं, राख, शेण घालून केलेली माती. काळी, भुसभुशीत.

शिरूरची फावड्यानं माती ओढत होती. मला बघून थांबली.

"मुलगी कशी आहे?" मी विचारलं.

"दिली. गेल्या उन्हाळ्यात. कडा गावाला." मग म्हणाली, "बरी हाय. पोटुशी हाय."

मी म्हणाले, "ही माती आमच्या कॉलनीत ठेवता येईल. मी बोलते साहेबांशी."

"तितं नगं," ती म्हणाली. राग नव्हता त्यात. "आमच्या पत्र्यांपुढं ठिवतो गोन्या. गोनीत बी वांगं येतं."

ड्रायव्हरनं डबा बंद केला, हात धुतले. ती मला म्हणाली, "वैनी, गोनीचं तोंड धरा."

मी पर्स खाली ठेवली आणि गोणीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून धरलं. तिनं फावडं भरून माती आत टाकली. मग दुसरं, मग तिसरं. जेसीबी सुरू झाला तोवर आमच्या पाच गोण्या झाल्या होत्या. सहावी अर्धीच राहिली.